मदत हवी आहे: कळतं पण वळत नाही. वर्षानुवर्षं टिकतील अशा सवयी तुम्ही कशा लावल्या?

मंडळी, ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, आधी आकडेच सांगते. वय ४७, उंची १५८ सेंमी, वजन ६८ किलो, कंबर ८९ सेंमी. गेल्या महिन्यात तपासण्या केल्या. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.०, उपाशीपोटीची साखर १०८, रक्तदाब दोन वेगवेगळ्या दिवशी १३४/८६ आणि १३२/८४. म्हणजे आजारी नाही, पण कुंपणावर बसलेली. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, सवयी बदला आणि तीन महिन्यांनी या. "सवयी बदला" म्हणायला त्यांना दोन सेकंद लागले असतील, मी चार वर्षं तेच करतेय.

आईला बावन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला. तिच्या पायाची जखम सात महिने भरत नव्हती, ती रोज मीच धुवायचे. त्यामुळे भीती आहे, माहितीही भरपूर आहे. गाडी अडते ती तिसऱ्या आठवड्यात. लोकांचे नव्याचे नऊ दिवस असतात, माझे एकोणीस.

एकोणीस उगाच म्हणत नाही. पहिल्या खेपेला यादीच केली होती: पाचला उठणं, पाऊण तास व्यायाम, साखर बंद, सातच्या आत जेवण, दहाला झोप. एकोणिसाव्या दिवशी मुलीला ताप आला, रात्रभर जागरण झालं, सकाळचा व्यायाम बुडला. एक बुडाला म्हणून संध्याकाळी गोड खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी यादीच फ्रिजवरून काढून टाकली. दुसऱ्या खेपेला स्वतःसाठी वेगळं, उकडलेलं, बिनचवीचं शिजवायला लागले. दमून घरी आल्यावर दोन स्वयंपाक कोण करणार? तो प्रयोग अकरा दिवसांत संपला. तिसऱ्या खेपेला मनगटावरचं घड्याळ आणि दहा हजार पावलं. एकदा रात्री साडेअकराला तेवीसशे पावलं उरली होती म्हणून बेडरूममध्ये फेऱ्या मारत होते, तर नवऱ्याने डोळे न उघडता विचारलं, "काही हरवलंय का?" नंतर वाचनात आलं की हा दहा हजारांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झालाय. मान्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. कुण्या डॉक्टरने मोजूनमापून ठरवलेला नव्हे. रागही आला आणि हायसंही वाटलं.

सध्याचा दिवस असा: सहाला उठते, नऊ तास खुर्चीत, दिवसभरात चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमच्याला ४ ग्रॅम धरले तर ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर शक्यतो रोजच्या उष्मांकाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. माझी वेस चहातच ओलांडून होते. संध्याकाळी पाच वाजता अशी भूक लागते की समोर येईल ते पाकीट फोडते. जेवण साडेनऊला, मग मोबाइल, डोळा लागायला साडेबारा. रविवारी दहापर्यंत लोळते.

मला क्रम हवाय. पाच वर्षं किंवा जास्त टिकवलेल्यांनी सांगा: सगळ्यात आधी काय धरलंत आणि ते मोडलं त्या दिवशी काय केलंत? घरात सगळ्यांचं एकाच पातेल्यात शिजतं, तर पातेलं बदललंत की फक्त स्वतःचं ताट? आणि हाताशी रोजचा अर्धाच तास असेल तर तो झोपेला द्यावा की व्यायामाला?

सात दिवसांत सात किलो, कसलीही पावडर, आणि "मनात आणलं की सगळं होतं" हे तीन प्रतिसाद कृपया देऊ नयेत.

---

प्रतिसाद, रिकामी खुर्ची:

अकरा वर्षं झाली, तुमच्यासारखंच बैठं काम. माझी सुरुवात फक्त रात्री जेवणानंतर दहा मिनिटं चालण्याने झाली. पाच महिने दुसरं काहीही केलं नाही. ताट घासायला टाकलं की हात न पुसता चपला पायात. घड्याळाशी सवय बांधली की वेळ चुकते आणि सवयही जाते, ताटाशी बांधली तर जेवण काही चुकत नाही.

जेवल्यावर का, तर रक्तात साखर चढत असते त्याच वेळी पायाचे मोठे स्नायू काम करायला लागले की ती साखर ते ओढून घेतात. धापा टाकायची गरज नाही, बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत वेग पुरे. आणि सलग अर्धा तास झाला पाहिजे हेही डोक्यातून काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगतात, पण एका वेळी किमान दहा मिनिटं हवीतच ही जुनी अट त्यांनी काढून टाकली. जिना धरा, बसस्टॉप धरा, सगळं जमेस.

मोडलं तर? माझा एकच नियम आहे: लागोपाठ दोन दिवस नाही. एक दिवस माफ.

---

प्रतिसाद, उशीखाली पुस्तक:

वरच्यांशी अर्धी सहमत. माझं मत, अर्धा तास झोपेला द्या. साडेबारा ते सहा म्हणजे साडेपाच तास, प्रौढ माणसाला किमान सात लागतात. झोप तोकडी पडली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं. तुमची पाचची भूक निम्मी तिथून येत असणार. उरलेली निम्मी दुपारच्या जेवणातून. त्यात कडधान्य, डाळ, अंडं, दही यांतलं काही असतं का हे लिहिलं नाहीत. नुसत्या धान्यावर भागवलं तर तीन-चार तासांत पोट पुन्हा दार ठोठावतं.

आणि चौथा कप किती वाजता? कॅफिनचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. सहाला प्यायलात तर अकराला निम्मं अंगात आहे. मी मोबाइलचा चार्जर स्वयंपाकघरात नेला, गजराला साधं घड्याळ आणलं. पहिला आठवडा हात उशाशी चाचपडत होता, खोटं कशाला बोलू.

---

प्रतिसाद, निरोगी जीवन मंत्र:

ताई, आमचं नैसर्गिक हर्बल मिश्रण घ्या, २१ दिवसांत साखर मुळापासून जाते. संपर्क करा.

---

प्रतिसाद, धागाकर्ती:

प्रश्नाचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचावा ही विनंती. संपादक मंडळ, जरा बघता का?

बाकी दोघांचे आभार. दुपारच्या डब्यात खरंच धान्यच जास्त असतं, भाजी तोंडी लावण्यापुरती. चौथा कप सव्वासहाचा. आता वाचताना लाज वाटतेय.

---

प्रतिसाद, सत्तरीतला:

वय ७१. चालण्याचं सगळ्यांनी सांगितलं, ताकदीचं कुणीच नाही, म्हणून लिहितो. मी तिसाव्या वर्षापासून रोज चालत आलो आणि त्रेसष्टाव्या वर्षी न्हाणीघरात पडलो, तेव्हा हाताला धरायला कुणी असूनही मला उठता येईना. फुप्फुसं ठणठणीत, मांड्या मात्र वाळलेल्या. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतच जातात, नुसत्या चालण्याने ती घट फारशी थांबत नाही. साखर जाऊन साठते तीही मुख्यतः स्नायूतच, तेव्हा कुंपणावरच्या माणसाला त्याची दुप्पट गरज.

मी खुर्चीपासून सुरुवात केली. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायचं, बसायचं, दहा वेळा. पहिल्या दिवशी चार झाले. मग भिंतीला हात टेकून जोर, मग पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. आठवड्यातून दोन दिवस. आज जमिनीवरून हात न टेकता उठतो. नातवंडांसमोर ही फुशारकी मारायची संधी सोडत नाही.

रक्तदाबाचं एक सांगतो. घरी मोजत असाल तर आधी पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला. चहा पिऊन किंवा जिना चढून आल्या आल्या मोजलेला आकडा कामाचा नाही. आणि मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, सगळं धरून. तुमचं ते पाच वाजताचं पाकीट उलटं करून मागचं वाचा एकदा.

---

प्रतिसाद, पाच जणांचं पातेलं:

पातेल्याच्या प्रश्नावर. वेगळं शिजवणं मीही केलंय आणि तसंच तोंडावर आपटले. शेवटी पदार्थ तेच ठेवले, ताटातलं माप बदललं. अर्धं ताट भाजी आणि कच्चं, पाव भाग धान्य, पाव भाग डाळ किंवा कडधान्य किंवा अंडी-मासे. बटाटा भाजीत धरायचा नाही, तो धान्याच्या बाजूला. आधी भाजी वाढून घ्यायची, मग बाकीचं. उलट केलं की जागाच उरत नाही.

मीठ मात्र पातेल्यातच कमी केलं, पण चोरून. दर दोन आठवड्यांनी चिमूटभर. दोन महिन्यांनी सासूबाई बाहेर जेवून आल्या आणि म्हणाल्या, केवढं खारट करतात लोक! मी मान डोलावली, बोलले काही नाही. चहाची साखरही तशीच: दोन, दीड, एक. जीभ शिकते, तिला वेळ द्यावा लागतो. आणि फळ चावून खा. रसात चोथा जातो आणि तीन फळांची साखर एका पेल्यात उतरते.

---

प्रतिसाद, आकडेमोड:

दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

तुमच्यासारख्या कुंपणावरच्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष २००२ साली आले. आठवड्याला १५० मिनिटं श्रम आणि वजनात ७ टक्के घट हे लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. ६८ किलोचे ७ टक्के म्हणजे पावणेपाच किलो. आरशात फारसं दिसणारही नाही एवढंच.

तुमच्या एकोणीस दिवसांबद्दल. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये लोकांना एकेक छोटी सवय लावायला सांगून ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं होतं. सरासरी ६६ दिवस, कुणाला १८, तर कुणाचा अंदाज २५४ वर गेला. एखादा दिवस चुकला म्हणून विशेष बिघडलं नाही असंही त्यात दिसलं. म्हणजे तुमची घडी बसायच्या आत तुम्ही यादी फाडताय. शिवाय ती एकेकच सवय होती, पाच नव्हत्या. एक ना धड, भाराभर चिंध्या.

तिसरं, हिमोग्लोबिन तपासलंत का? एचबीए१सी तांबड्या पेशींवर मोजतात, त्या साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ती तपासणी तीन महिन्यांचं चित्र देते. लोह कमी असेल तर तो आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो. या वयात पाळी जास्त जात असेल तर डॉक्टरांना नक्की विचारा. तुमची उपाशीपोटीची साखरही वर आहे, तेव्हा हे निमित्त करून सुटायचं नाही.

---

प्रतिसाद, धागाकर्ती (पाच आठवड्यांनी):

उशिरा लिहितेय. आकडेमोड, तुमचे पाय कुठे आहेत? हिमोग्लोबिन १०.४ निघालं. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या, आणि पुढची एचबीए१सी उपाशीपोटीच्या साखरेसोबतच वाचू असं डॉक्टर म्हणाले.

धरलं एकच: रात्री ताटानंतर दहा मिनिटं. ३६ दिवसांपैकी २९ दिवस चालले. एकदा लागोपाठ दोन दिवस चुकले. मग तिसऱ्या दिवशी दाराबाहेर चार मिनिटं जाऊन आले, एवढ्यासाठीच की मोजणी पुन्हा सुरू व्हावी. चार्जर स्वयंपाकघरात नेला आहे, ते सवय म्हणून धरत नाही कारण त्यात मला काही करावं लागत नाही. झोप सव्वासहा तासांवर आली. सव्वासहाचा कप गेला, उरलेल्या तीन कपांत एकेक चमचा, म्हणजे ३२ वरून १२ ग्रॅम. डब्यात कडधान्य न्यायला लागल्यापासून पाच वाजताची भूक सहापर्यंत थांबते, पण थांबते एवढंच, जात नाही. वजन ६६.९. खुर्चीचं अजून सुरू केलेलं नाही, काका रागावू नका, ६६ दिवस होऊ देत.

नवराही आता सोबत येतो. पहिल्या फेरीत ऑफिस, दुसऱ्या फेरीत पुन्हा ऑफिस.

चुकलेल्या सात दिवसांपैकी चार पावसाचे होते. पावसात तुम्ही लोक काय करता? बेडरूममधल्या फेऱ्या सोडून काहीही चालेल.