किंमत काय? "आधी बघून तर घ्या!" : एजंटांचे अनुभव

गेले चार महिने पुण्यात सिंहगड रोड ते कोथरूड पट्ट्यात रीसेलचा टू बीएचके शोधतेय. आतापर्यंत एकोणीस एजंट झाले. "किंमत काय?" एवढ्याशा प्रश्नाला मिळालेली उत्तरं मी वहीत उतरवून ठेवली आहेत. "रीझनेबल आहे मॅडम." "मालक माणूस चांगला आहे, बसून बोलू." "मार्केट रेटच आहे." आणि एका महाभागाचं, "किमतीचं सोडा हो, आधी व्हेंटिलेशन बघा."

परवा दांडेकर पुलाजवळ एक फ्लॅट पाहिला. तिसरा मजला, स्वयंपाकघराला छोटी गॅलरी, आवडला. भाव विचारला तर एजंटने पंखा लावून दाखवला. पुन्हा विचारला तर, "तुमचं बजेट काय?" मी ८५ म्हणाले. पापणी न लवता तो म्हणाला, "मग बसतंय की! मालक ८८ म्हणतायत." दुसऱ्या दिवशी दिरांना त्याच एजंटला फोन करायला लावला. त्यांनी बजेट एक कोटी दहा सांगितलं. तोच फ्लॅट, तोच मजला: "मालक एक आठला देतील, मी बोलतो त्यांच्याशी."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा भाव लपवत नव्हता, आमच्याकडे बघून भाव ठरवत होता.

तुम्हाला आलेले अनुभव लिहा. एजंट, बिल्डर यांची नावं नकोत. भाव कसा काढून घेतलात तेही लिहा, मला अजून घर घ्यायचंय.

वऱ्हाडी पाहुणा
आमच्या नागपुरात गाडी पाठवतात. "रेट काय कुठं पळून चालला भाऊ, पहिले लोकेशन तर पहा ना!" वर्धा रोडने पार पुढे नेलं, वाटेत तर्री-पोहे चारले, उन्हात प्लॉटच्या खुंट्या दाखवल्या. रेट सांगितला तो परतीच्या वाटेवर, गाडी ऐंशीच्या स्पीडला असताना. उतरणार कुठं?

हप्तेकरी
पुनावळे, नवीन बांधकाम. जाहिरातीत "७९.९९ लाख*". त्या चांदणीतच सगळं आलं.

सेल्स ऑफिसात आधी फॉर्म: नाव, मोबाईल, पगार, बजेट, सध्याचं घर भाड्याचं की स्वतःचं. मग कॉफी, मग मॉडेल, मग सँपल फ्लॅट (तिथल्या बेडची लांबी हाताने मोजा, मी मोजली, पाच फूट आठ इंच). दीड तासाने आतून 'क्लोजिंग मॅनेजर' आली. तिने पॅडवर पेन्सिलीने आकडे मांडले आणि पॅड स्वतःकडेच तिरकं धरून ठेवलं. मी मोबाईल काढला तर, "सर, फोटो अलाऊड नाही." कागद मागितला तर, "बुकिंगनंतर देतो सर."

घरी येऊन आठवतील तसे आकडे मांडले. अॅग्रीमेंट ८० लाख धरा. बांधकाम चालू म्हणून जीएसटी ५ टक्के, ४ लाख. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, ५ लाख ६० हजार. नोंदणी ३० हजार. झाले ८९ लाख ९०. वर दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, लीगल चार्जेस, क्लब हाऊस. पार्किंगबद्दल ती बाई अत्यंत गोड हसली, एवढंच सांगतो.

आता मी जायच्या आधी मेलवर कॉस्ट शीट मागतो, कार्पेटच्या (म्हणजे भिंतींच्या आत वापरता येणाऱ्या) चौरस फुटांसकट. न देणाऱ्याकडे जात नाही. शनिवार-रविवार बरेच मोकळे मिळायला लागलेत.

सोनचाफा
ह्याच्याही वरताण म्हणजे ईओआय, 'एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट', म्हणजे घ्यायची इच्छा आहे असं आधीच कळवणं. प्रकल्पाचं नाव नाही, भाव नाही, "लाँचच्या दिवशी रेट ओपन होईल, तोवर एक लाखाचा चेक द्या, रिफंडेबल आहे." रेरा (बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाचा कायदा) नोंदणीचा नंबर विचारला तर "प्रोसेसमध्ये आहे." नोंदणीआधी जाहिरात किंवा बुकिंग करायला कायद्याची परवानगीच नाही, कलम ३ वाचून दाखवलं. फोन कट.

मीच तो एजंट
ठाण्यात सोळा वर्षं ब्रोकर आहे. रेराची नोंदणी आहे, परीक्षासुद्धा दिली, या वयात. इथे मार खाणार माहीत आहे, तरी लिहितो.

फोनवर आकडा आणि बिल्डिंग दोन्ही सांगितलं तर काय होतं? गिऱ्हाईक संध्याकाळी वॉचमनला गाठतं, शंभराची नोट देतं आणि थेट मालकाच्या दारात उभं राहतं. माझी दोन टक्क्यांची दलाली गेली. हे माझ्याबाबतीत तीनदा झालंय, त्यातला एक तर माझा शाळेतला मित्र.

दुसरं, मालकच भाव सांगत नाहीत. "तू ऑफर आण, मग बघू." एकच फ्लॅट पाच ब्रोकरांकडे असतो आणि मालकाने पाचही जणांना वेगळे आकडे दिलेले असतात. मग मी काय सांगू? पण बजेट ऐकून भाव चढवणं चूक आहे, ते मान्य. आमच्यात चालतं. मीही केलंय.

धागाकर्ती
@मीच तो एजंट, मार नाही, उलट आभार. पण मालकाचा आकडा नसेल तर "अजून ठरलेला नाही" एवढं सांगा की. "व्हेंटिलेशन बघा" कशाला?

मी आता काय करते ते लिहिते. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, फुकट. गाव आणि सर्व्हे नंबर किंवा मिळकत क्रमांक टाकला की त्या पत्त्यावर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन निघते. तिच्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे वेगवेगळे रकाने असतात. मोबदला म्हणजे व्यवहार कागदावर केवढ्याला झाला तो आकडा. साइट कधी चालते, कधी अर्धा तास गोल फिरत बसते. रात्री अकरानंतर बरी चालते. चेकशिवाय काही दिलं-घेतलं असेल तर ते अर्थातच तिथे दिसत नाही, पण अंदाज येतो.

आंबा-फणस
तुम्ही सगळे घेणारे. मी विकणाऱ्याची गोष्ट सांगतो.

दापोली तालुक्यात आमची वडिलार्जित बावीस गुंठे जागा. आम्ही तिघे भाऊ मुंबईत, तिकडे जाणं होत नाही. गावातलाच एजंट म्हणाला, "तुम्हाला हातात किती पाहिजेत तेवढं सांगा, बाकी माझं मी बघतो." आम्ही गुंठ्याला दीड लाख सांगितले. त्याची एकच अट: "पार्टी आली की भावाचं तुम्ही अवाक्षर काढायचं नाही. मालकाने तोंड उघडलं की पार्टी बिथरते."

पार्टी आली पुण्याहून. नवराबायको, सोबत शेतकरी असल्याचा दाखला, सगळं व्यवस्थित. एजंट नवऱ्याला घेऊन हद्दी दाखवायला गेला. बाई दमल्या होत्या, त्या जुन्या घराच्या पडवीत बसल्या. आमच्या वहिनीने कोकम सरबत दिलं. बाई सहज बोलल्या, "जागा छान आहे हो, पण गुंठ्याला सव्वादोन म्हणजे आमच्या जरा हाताबाहेरच जातंय."

वहिनी काही बोलली नाही. आत आली, पेला विसळता विसळता माझ्याकडे बघून म्हणाली, "भावोजी, सव्वादोन म्हणतायत त्या." मी पंचांगाच्या मागे हिशेब केला. गुंठ्यामागे पाऊण लाख, बावीस गुंठ्यांचे साडेसोळा लाख. भाव घेणाऱ्यापासून लपवलेला नव्हताच. तो लपवला होता आमच्यापासून.

एजंट परत आला तेव्हा आम्ही चौघं पडवीत बसलेलो. पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "काय, ओळख झाली वाटतं?" व्यवहार पावणेदोनला झाला. त्याला दोन टक्के दिले, ठरवून, चेकने. गणपतीत भेटला तर अजून नीट बोलत नाही.

यारा नदीकाठची
मेलबर्नला राहते. इथे व्हिक्टोरिया राज्यात भाव दडवायला कायद्याने आडकाठी आहे. १ मे २०१७ पासून एजंटला घराची अंदाजे किंमत आणि आसपासच्या तीन तुलनीय विक्रींचा कागद द्यावा लागतो, आणि किमतीची रेंज दहा टक्क्यांपेक्षा रुंद चालत नाही. (रेराही त्याच दिवशी पूर्ण लागू झाला ना? महाराष्ट्र दिनच म्हणायचा.) शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये मात्र भावाच्या जागी "कॉन्टॅक्ट एजंट" असं बिनदिक्कत लिहितात.

म्हणून इथे सगळं सरळ असेल असं समजू नका. आम्हाला कागदावर दिले ८ लाख २० हजार ते ९ लाख डॉलर. घरासमोरच्या फुटपाथवर लिलाव, दहाव्या मिनिटाला बोली साडेनऊ लाखांवर. नवरा हात वर करायला निघाला तर मी त्याच्या जॅकेटची बाही धरून ठेवली. गेलं दहा लाख पंधरा हजारांना. मालकाचा राखीव आकडा शेवटपर्यंत कुणाला कळलाच नाही. वर इमारत तपासणीचे आमचे सहाशे डॉलर गेले.

धागाकर्ती
अपडेट. दांडेकर पूलवाल्याचा काल फोन आला. "मॅडम, काय ठरलं मग? ८८ला अजून एक पार्टी आहे." मी म्हटलं, त्याच बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मागच्या दिवाळीत ७६ला नोंदलाय, सूची दोन माझ्यासमोर आहे, कार्पेट तेवढंच.

बराच वेळ काही नाही. मागे रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता.

मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही वकील आहात का?"

रविवारी अकरा वाजता मालकांना घेऊन येतोय.