झिरो ए.डी.मध्ये रायगड-प्रतापगड परिसर: उंची किती ठेवायची?

घाटवाट

झिरो ए.डी. या संगणकावरच्या युद्धखेळाच्या ॲटलस एडिटरमध्ये (नकाशे करायचं साधन) जावळीच्या मुलखाचा नकाशा करतोय. उत्तरेला रायगड, दक्षिणेला तापोळा, पश्चिमेला महाड, पूर्वेला धोम असा साधारण ६० किलोमीटरचा चौरस. नकाशा दर बाजूला ५१२ चौकोनांचा, म्हणजे खेळातला "जायंट" आकार. एसआरटीएमचा (अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंच्या) ३० मीटरचा डेटा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन ग्रेस्केल पीएनजी (जितकं उंच तितकं पांढरं असं राखाडी चित्र) काढली आणि इम्पोर्ट केली, तर डोंगरांऐवजी नुसते सुळके उभे राहिले. सैन्य जागचं हलत नाही, आणि महाबळेश्वरचं पठार वरून कापल्यासारखं सपाट दिसतंय. उंची किती ठेवायची? गड कसे बसवायचे? कोयनेच्या जलाशयाचं काय करायचं? काळ १६५९ चा धरलाय.

समोच्चरेषा

आधी सपाट पठाराचं. तुम्ही एक्सपोर्ट करताना "रेंडर्ड इमेज" निवडलं असणार. क्यूजीआयएस पडद्यावर दाखवताना सेटिंगप्रमाणे सगळ्यात खालचे आणि वरचे काही आकडे छाटू शकतं, आणि मग ते छाटलेलंच चित्र फाइलमध्ये उतरतं. नेहमी "रॉ डेटा" घ्या.

मोजमाप जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. या खेळात एक चौकोन ४ मीटरचा, म्हणजे ५१२ चौकोनांचा नकाशा २,०४८ मीटर रुंद. ६० किमी त्यात बसवले की प्रमाण १ : २९ च्या आसपास येतं. ॲटलस चित्रातला राखाडी आकडा २५६ ने गुणतो आणि खेळ ९२ एककांना एक मीटर धरतो. म्हणून राखाडीची एक पायरी = २.७८ मीटर आणि पांढरा शुभ्र ठिपका = जवळपास ७१० मीटर. दोन किलोमीटरच्या नकाशावर ७१० मीटरचा डोंगर! सुळके त्यातूनच आले.

महाबळेश्वरचा माथा १,४४० मीटरच्या आत-बाहेर आहे. खऱ्या प्रमाणात तो नकाशात ४९ मीटरच भरतो आणि खेळाच्या कॅमेऱ्यातून टेकाडासारखा दिसतो. दुप्पट करा, ९८ मीटर. म्हणजे राखाडीच्या ३५ पायऱ्या, बस. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये, म्हणजे प्रत्येक ठिपक्यावर गणित करणाऱ्या साधनात, (उंची ÷ १४४०) × ३५ + १० असं सूत्र टाका. खालचे १० ठेवायचे ते नदीचं पात्र खणायला जागा राहावी म्हणून.

त्याआधीची तयारी:

- तुमचा चौरस १८ अक्षांशाची रेघ ओलांडतो, त्यामुळे एन१७ई०७३ आणि एन१८ई०७३ अशा दोन फाइल लागतात. आधी मर्ज, मग बाकी सगळं.
- −३२७६८ हा आकडा म्हणजे "माहिती नाही". उभ्या कड्यांच्या आडोशाला अशी भोकं पडतात. ती भरलेली आवृत्ती मिळते, तीच उतरवा. नाहीतर डोंगरात पाताळविहिरी दिसतील.
- अंश सोडून मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) या नकाशापद्धतीत रिप्रोजेक्ट करा. आपल्याकडे न केल्यास पूर्व-पश्चिम ताण पाचेक टक्केच येतो, पण नॉर्वे करायला घ्याल तेव्हा देश दुप्पट रुंद होईल.
- शेवटी चित्र बरोब्बर ५१२ × ५१२ ठिपक्यांचं, ८ बिट (राखाडीच्या २५६ छटा). लांबी १६ च्या पटीत नसली तर ॲटलस खालच्या पटीवर कापतं. ५०० चं चित्र दिलंत तर ४९६ चा नकाशा मिळेल.

पायवाट_की_राजमार्ग

वरचं गणित बरोबर आहे, पण सैन्य का हलत नाही ते राहिलं. पायदळ-घोडदळाला चालणारा चढ १.० पर्यंत, म्हणजे एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांपैकी सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ४ मीटर फरक. राखाडीत १ चा फरक (०.७) चालतो, २ चा झाला (१.३९) की तो चौकोन बंद. ॲटलसच्या टेरेन पॅनेलमध्ये पॅसेबिलिटी (कुठून चालता येतं ते) दाखवायची सोय आहे. ती सुरू ठेवूनच काम करा, डोळ्यांवर विसंबू नका.

३५ पायऱ्यांवर आलात की सह्याद्रीची धार बऱ्याच ठिकाणी आपसूक बंद पडते. ते तसंच हवंय. पंचाईत एवढीच की तिच्याबरोबर पार घाट आणि वरंधही बंद पडतात. एक ठिपका म्हणजे ११७ मीटर, आणि जुनी घाटवाट त्यापेक्षा कितीतरी अरुंद. ती डेटात उरतच नाही. ती हातानेच कोरायची. खरी ६०० मीटरची चढण नकाशात ४१ मीटर होते. ०.४ चा चढ ठेवायचा तर २५-२६ चौकोनांची वाट लागते. कड्याला सरळ भिडलात तर तेवढी लांबी मिळत नाही, म्हणून सोंडेवरून तिरकी न्या. रुंदी निदान ४ चौकोन, नाहीतर वेढ्याची यंत्रं अडकतात. फौज रांगेत न्यायची असेल तर ६. ॲटलसमधल्या फ्लॅटनने (सपाट करणारा ब्रश) टप्पे पाडा, मग स्मूदचा (उतार गुळगुळीत करणारा ब्रश) हलका हात फिरवा. स्मूद जोरात फिरवलंत तर शेजारचा कडाही चढता होतो आणि शत्रू भलतीकडून वर येतो.

घाट मोजकेच उघडे ठेवा. पार, वरंध, हातलोट पुरेत. सगळीकडून चढता आलं तर जावळीला अर्थ राहत नाही.

गडांच्या बाबतीत प्रमाण सोडून द्या. प्रतापगडाचा वरचा किल्ला एका बाजूने १८० मीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या नकाशात दीड ठिपका. खेळातलं एक सिव्हिक सेंटरच (वस्तीची मुख्य इमारत) एका बाजूने दहाएक चौकोन खातं. माथा २४ × २४ चौकोनांचा सपाट करून घ्या आणि एकच चढती वाट ठेवा. रायगडाचा माथा मुळातच ऐसपैस आहे, त्याला दीडपट वाढवलं तरी भागतं.

धरणाआधी

पाण्याचं कुणी बोललं नाही. झिरो ए.डी.त अख्ख्या नकाशाला पाण्याची एकच पातळी असते. सावित्री महाडपाशी जवळपास समुद्राच्या पातळीला, आणि कोयना घाटावर कितीतरी वर. दोन्हींत खरं पाणी भरता येणार नाही. पाणी सावित्रीला द्या. कोयनेला गोटे-वाळूचं टेक्स्चर आणि काठाला झाडी. सावित्रीचं पात्र दीड मीटर खोल ठेवलंत तर माणसं उतरून जातात, २ मीटरच्या पुढे नाही. महाडच्या खाली खोल करून गलबतं आणता येतील, त्यांना किमान १ मीटर लागतं.

कोयना धरण १९६० च्या दशकातलं आणि एसआरटीएमचं मोजमाप फेब्रुवारी २००० मधलं, त्यामुळे डेटात शिवसागर जलाशय सपाट फरशीसारखा येतो. १६५९ साठी ती फरशी फोडून खोरं खणावं लागेल. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाची १ : २,५०,००० ची यू५०२ मालिका बघा, टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवली आहे. नदीचं मूळ वळण त्यावरून रेखता येतं. तापोळ्याकडे उथळ, दक्षिणेकडे खोल. धोमलाही हेच लागू.

समोच्चरेषा

पाण्याचं मान्य. एक जोडतो: ३५ पायऱ्यांत पठारं जिन्यासारखी दिसतात. स्मूदने लपतं, पण सरळ उपाय हवा असेल तर ८ बिटांची वाट सोडा. ॲटलसमध्ये रिकामा ५१२ चा नकाशा सेव्ह करा. त्याच्या पीएमपी फाइलमध्ये (जमिनीच्या उंच्या साठवणारी फाइल) पहिले १६ बाइट सोडले की ५१३ × ५१३ उंच्या लागतात, प्रत्येकी १६ बिट, मिळून ५,२६,३३८ बाइट. पायथनने तेवढाच तुकडा बदला (नकाशातले मीटर × ९२). दोन सापळे: एसआरटीएममध्ये मोठा बाइट आधी असतो, इथे लहान, आणि तिथे ओळी उत्तरेकडून सुरू होतात, इथे दक्षिणेकडून. दुसरं विसरलात तर रायगड तापोळ्याच्या जागी जाईल. मूळ फाइलची प्रत ठेवा.

घाटवाट

आभार. हेच एज ऑफ एम्पायर्स २ डीई (डेफिनिटिव्ह एडिशन) या खेळामध्ये नेता येईल का?

पायवाट_की_राजमार्ग

येईल, पण वेगळ्या रीतीने. तिथल्या एडिटरमध्ये चित्र इम्पोर्ट होत नाही. सगळ्यात मोठा नकाशा ४८० × ४८०, उंचीच्या पातळ्या ७, आणि शेजारच्या चौकोनांत एकाच पातळीचा फरक. त्यामुळे सह्याद्रीचा कडा उंचीतून होत नाही, क्लिफच्या ब्रशने काढावा लागतो. पातळ्या समान अंतराने वाटू नका, नाहीतर अख्खं कोकण पहिल्या पातळीत जाईल. प्रत्येक पातळीला साधारण सारखं क्षेत्रफळ येईल असे टप्पे पाडा. पायथनमध्ये एओई२ सिनारिओ पार्सर ही मुक्त लायब्ररी आहे, तिने चौकोनांची उंची भरता येते. मात्र जंगलाचा टेरेन लिहिला म्हणून झाडं उगवत नाहीत, ती वस्तू म्हणून वेगळी टाकायची. आणि वरून मारणाऱ्याला तिथे २५ टक्के जास्त मारा मिळतो, तेव्हा घाटमाथ्यावरच्या खेळाडूला दगड आणि सोनं जरा हात राखूनच द्या.