सल्ला हवा: शार्लटजवळ जुनं गिरणीगाव, एका दिवसात, आईबाबांसोबत

शार्लटकर_मृणाल
नमस्कार मंडळी. आईबाबा ऑक्टोबरात सोलापूरहून इकडे नॉर्थ कॅरोलिनात येताहेत. बाबांची सगळी नोकरी तिथल्या एका मिलमध्ये गेली. आधी बदली कामगार, मग साच्यावर (यंत्रावर), शेवटी जॉबर (मुकादम). मागच्या खेपेला त्यांना अ‍ॅशव्हिलचा तो राजवाडा दाखवला, तर म्हणाले, "एवढ्या खोल्या झाडतं कोण?" या वेळी फर्माइश आहे की तुमच्याकडेही मिली होत्या म्हणे, त्या दाखव.
अटी: गाडीने दीड तासाच्या आत. आईचे गुडघे दुखतात, फार चालणं नको. रात्री मुक्काम नाही. चौघांचं सगळं मिळून दीडशे डॉलर, गॅस (पेट्रोल) आणि जेवण धरून. दोघं शाकाहारी.
नुसती विटांची सुंदर इमारत नकोय. कामगार राहायचे कसे, मालक कसे होते, संपबिंप झाले का, हे बाबा विचारणार आणि मला उत्तर देता आलं पाहिजे.

बॉस्टनचा_बंडू
एकच उत्तर: लोवेल, मॅसॅच्युसेट्स. तिथे बूट मिलमध्ये जुने माग खरंच चालू करून दाखवतात. आम्ही सासूसासऱ्यांना नेलं होतं, कानात बोळे घालून उभे राहिलो, सासरे एकदम खूश. दोन रात्री राहा, विमानाची तिकिटं आत्ताच काढा. पैशाकडे बघू नका, आईवडील पुन्हापुन्हा येत नाहीत.

शार्लटकर_मृणाल
बंडूदादा, दीडशे डॉलर. चौघांचे. आणि इथलं दक्षिणेतलं गाव हवंय.

बॉस्टनचा_बंडू
अहो, पण गिरण्यांचं माहेर न्यू इंग्लंडच, म्हणजे आमचा ईशान्य कोपरा! तुमच्याकडे मजूर स्वस्त आणि युनियन नाही म्हणून धंदा तिकडे सरकला. १९२०च्या दशकात चात्यांच्या (सूत कातायच्या यंत्रावरच्या फिरत्या दांड्यांच्या) संख्येत दक्षिणेने आम्हाला मागे टाकलं. मूळ सोडून फांदी कशाला बघायची?

निवांत_निनाद
मृणाल, कॅनापोलिसला जा. तुझ्यापासून पस्तीस-चाळीस मिनिटं. जेम्स कॅनन नावाच्या माणसाने १९०६ मध्ये शेतजमीन घेतली आणि टॉवेलच्या गिरणीभोवती अख्खं गाव वसवलं. घरं कंपनीची, दुकानांच्या जागा कंपनीच्या, बाजारपेठ कशी दिसावी हेही कंपनीच ठरवणार. मुलगा चार्ल्स १९२१ पासून १९७१ मध्ये मरेपर्यंत कारभार बघत होता. एवढं मोठं गाव, पण १९८४ पर्यंत नगरपालिकाच नव्हती! नगरसेवक, महापौर काही नाही, तक्रार करायची तर कंपनीकडेच. गिरणीगाव म्हणजे काय हे बाबांना तिथे पाच मिनिटांत कळेल.

खवचट_काका
कळेल कसं? गिरणी आहे कुठे तिथे? पाडली. आम्ही पाहुण्यांना मोठ्या हौसेने नेलं तर समोर घुमटवाली प्रयोगशाळा आणि पार्किंग. मेव्हणी विचारते, "भाऊजी, मिल कुठंय?" काय सांगू? ३० जुलै २००३ ला कंपनीने कुलूप लावलं, नॉर्थ कॅरोलिनात एका दिवसात साडेचार हजारांहून जास्त लोक घरी बसले. मग जागा ज्याने विकत घेतली तो डेव्हिड मर्डॉक, ज्याने १९८२ मध्ये गिरणी घेऊन चारच वर्षांत विकून टाकली होती तोच. त्याने तिथे संशोधन केंद्र काढलं. ज्यांनी जन्मभर टॉवेल दुमडले त्यांनी आता काय रक्ताचे नमुने दुमडायचे?
जायचंच असेल तर शेजारच्या कॉन्कर्डला गिब्सन मिल बघा. आत जुन्या वस्तूंचा बाजार आणि खाण्याची दुकानं आहेत. वहिनींना बसायला मिळेल.

सोलापुरी_शेंगाचटणी
कॅनापोलिसचे टॉवेल कुणी संपवले? आपल्या सोलापूरने! 💪 आमच्या चुलत्यांचे एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत. एकदा पाणी टिपायला लागले की अमेरिकन टॉवेल झक मारतो. मृणालताई, बाबा येताना चादरी आणतायत का?

खवचट_काका
सोलापूरने नाही हो. पिलोटेक्स नावाच्या कंपनीने १९९७ मध्ये कर्ज काढून कॅननची कंपनी घेतली आणि २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. २००२ मध्ये बाहेर आली, २००३ मध्ये परत तेच. कर्जाने मारलं.

निवांत_निनाद
नुसतं कर्ज नाही. १९९४ च्या नाफ्ता या अमेरिका-कॅनडा-मेक्सिको व्यापार करारानंतर मेक्सिकोतून माल यायला लागला, आशियातून आधीच येत होता. दर पडले म्हणून कर्ज फेडता आलं नाही.

सोलापुरी_शेंगाचटणी
आणि कापडाच्या आयातीवरचा कोटा उठल्यावर आपला माल आला की नाही?

खवचट_काका
कोटा पूर्ण उठला १ जानेवारी २००५ ला. तोवर इथे दीड वर्ष कुलूप होतं. मेलेल्याला मारल्याचं श्रेय घेऊ नका.

पीचट्री_पाटील
संप हवाय ना? मग गॅस्टोनिया, लोरे मिल. शार्लटपासून अर्धा तास. आता अपार्टमेंट झालीत, पण इमारत जागेवर आहे आणि भोवतीची कामगारांची घरंही. आत इतिहासाचं एक छोटं दालन आहे, उघडं आहे का ते आधी फोन करून विचारा.
१ एप्रिल १९२९ ला संप सुरू झाला. कारण बाबांना सांगावं लागणार नाही: माणसं कमी केली आणि उरलेल्यांवर जादा यंत्रं टाकली. मागणी आठवड्याला वीस डॉलर आणि चाळीस तास. युनियन कम्युनिस्टांची, त्यामुळे मालकांना आयतं कोलीत मिळालं. संपवाल्यांना कंपनीच्या घरांतून बाहेर काढलं, ते तंबूत राहिले. जूनमध्ये तिथल्या झटापटीत पोलीसप्रमुख अ‍ॅडरहोल्ट गोळी लागून मेला. १४ सप्टेंबरला सभेला निघालेला कामगारांचा ट्रक अडवून एला मे विगिन्सला गोळी घातली. सूत कातणारी बाई, वय २८, नऊ मुलांपैकी चार आधीच दगावलेली. संपाची गाणी स्वतः रचून म्हणायची. तिच्या खुनाच्या खटल्यातले सगळे निर्दोष सुटले.

गिरणगावचा_नातू
वाचून अंगावर काटा आला. माझे आजोबा लालबागचे, १८ जानेवारी १९८२ च्या संपातले. डॉक्टर सामंतांच्या मागे अडीच लाख माणूस होता. तो संप कुणी अधिकृतपणे मागेसुद्धा घेतला नाही. आता जिथे आजोबा कार्ड पंच करायचे तिथे लोक पाचशे रुपयांची कॉफी पितात. अपार्टमेंट झालेली मिल बघायला पैसे खर्च करू नका, परळला फुकट दिसते.

खवचट_काका
मुंबईच्या गिरण्यांचं नशीबही इथल्या कापसानेच काढलं होतं म्हणा. १८६१ ते ६५ इथे यादवी, बंदरांची नाकेबंदी, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग आपल्या कापसाला सोन्याचा भाव. युद्ध संपलं आणि मुंबईचे शेअरवाले एका रात्रीत रस्त्यावर.

पीचट्री_पाटील
विषय शार्लटजवळच्या सहलीचा आहे.

कढीपत्ता
एक मुद्दा कुणीच काढला नाही. हे सगळे "कामगार" म्हणजे गोरे कामगार. काळ्यांना साच्यावर उभं करत नसत. त्यांच्या वाट्याला अंगणातली हमाली नाहीतर गाठी फोडायचं, सगळ्यांत धुळीचं काम. साउथ कॅरोलिनात तर १९१५ मध्ये कायदाच केला की कापडगिरणीत गोऱ्या-काळ्यांनी एका खोलीत काम करायचं नाही. खरी दारं उघडली ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर, आणि ती उघडेपर्यंत धंदाच उताराला लागला. एला मे मात्र काळ्या वस्तीतच राहायची आणि त्यांनाही युनियनमध्ये घ्या म्हणून भांडायची. पाटील, हे सांगायचं राहिलं तुमचं.
मुलांचंही तसंच. लुइस हाइनने १९०८ मध्ये कॅरोलिनातल्या गिरण्यांत काढलेले फोटो बाबांना आधी घरी दाखवा. यंत्राएवढ्याही उंचीच्या नसलेल्या पोरी आहेत त्यात.

डेव्ही_काउंटीची_सून
कूलीमीला जा. छोटंसं गाव आहे, साउथ याडकिन नदीवर, शार्लटहून साधारण तासाभरात. गिरणी १९६९ मध्येच बंद झाली, त्यामुळे कुणाला तिथे लॉफ्ट बांधायची घाई झाली नाही. गावातल्या लोकांनीच संग्रहालय केलंय आणि कामगाराचं एक घर जुन्या सामानासकट लावून ठेवलंय. चूल, खाट, कपडे धुवायचं भांडं, सगळं. दाखवणारे बहुतेक म्हातारे त्याच गावचे असतात, आईवडील गिरणीतले. बाबा बोलायला लागले तर तुम्हाला मध्ये पडावं लागणार नाही. नदीकाठी बाग आहे, बसायला जागा आहे. फक्त वेळ फोनवर ठरवून जा, वाटेल तेव्हा उघडं नसतं. जेवण घरून न्या.

टेक्सासची_तेजू
गॅस्टोनिया. लोरे मिल. कुणी सांगितलं का?
आणि व्हिजिटर इन्शुरन्स घेतलात का? आमच्या सासऱ्यांच्या वेळी स्वस्तातला घेतला आणि दाव्याच्या वेळी कंपनीने जुना आजार म्हणून हात वर केले. बाबा मिलमधले म्हणजे खोकला असणारच.

कढीपत्ता
तेजू, खोकल्यावरून आठवलं. इथल्या गिरणीवाल्यांनाही तोच रोग. कापसाच्या धुळीने छाती भरते, सोमवारी सुट्टीनंतर कामावर आलं की जास्त. मालक वर्षानुवर्षं म्हणायचे, सिगारेट ओढतात म्हणून होतं. १९७५ मध्ये कामगारांनी आपली संघटना काढली, १९७८ मध्ये सरकारने धुळीवर मर्यादा घातली, मालक सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८१ मध्ये हरले.

टेक्सासची_तेजू
पण इन्शुरन्स?

निवांत_निनाद
कॅनापोलिसला पुन्हा एकदा +१. मोटार शर्यतवाल्या डेल अर्नहार्टचा पुतळा पण आहे.

आयकेनचा_अण्णा
उशिरा येतोय. आमच्या बाजूला, साउथ कॅरोलिनात, ग्रॅनाइटव्हिल आहे. विल्यम ग्रेगने १८४५ मध्ये काढलेली कंपनी, कालवा, मुलांना शाळा सक्तीची. २००५ च्या जानेवारीत तिथे रेल्वेचा अपघात झाला, क्लोरीन सुटला, नऊ जण गेले, वायूने यंत्रंसुद्धा गंजली, पुढच्या वर्षी गिरणी बंद. पण तुमच्यापासून अडीच तास, सोडून द्या.
साउथ कॅरोलिनातल्याच हनिया पाथला मात्र चुकूनही नेऊ नका. १९३४ मध्ये देशभर कापडगिरण्यांचा संप झाला, चारेक लाख लोक बाहेर. ६ सप्टेंबरला तिथल्या चिकोला मिलसमोर कामगारांवर गोळ्या झाडल्या, सात मेले, बऱ्याच जणांना पाठीत लागल्या. गिरणीचा सुपरिंटेंडेंट आणि गावचा महापौर एकच माणूस! गावातल्या चर्चमध्ये अंत्यविधी करू दिले नाहीत, बाहेर मैदानात करावे लागले. पुढे साठ वर्षं गावात कुणी तोंड उघडलं नाही, पोरांना आपला आजा कसा मेला हे माहीत नाही. १९९५ मध्ये बागेत एक दगड बसवला, सात नावांचा. बाकी बघायला काही नाही. म्हाताऱ्या माणसाला उगाच त्रास.

शार्लटकर_मृणाल
सगळ्यांचे आभार. काल रात्री (त्यांची सकाळ) बाबांना फोनवर अख्खा धागा वाचून दाखवला. कॅनापोलिसवर म्हणाले, "मालक बरा दिसतोय, म्हणूनच नगरपालिका नव्हती." टॉवेलच्या भांडणावर खूप हसले. लोरे मिलचं ऐकताना मध्येच विचारलं, जादा साच्यांचा जादा दर देत होते का? पाटील, माहीत असेल तर सांगा.
मी कूलीमी ठरवत होते. तास बरोबर, चालणं नाही, खर्च जवळजवळ शून्य. बाबांनी हनिया पाथ ठरवलं. सव्वादोन तास लागतात म्हटलं तर म्हणे, "सोलापूर-पुणे त्याच्या दुप्पट लागतं." मिलीचं घर आतून कसं असतं ते त्यांनी पाहिलंय, बंद पडलेली मिलही पाहिलीय. त्यांना विचारायचंय की साठ वर्षं गप्प बसलेल्या गावाने दगड बसवला तो कुणी, आणि आधी कोण बोललं. तिथे कुणी सांगणारं भेटेल का? अण्णा, तुम्ही जवळ आहात, बघा ना.
आई म्हणते दशम्या आणि चटणी घेऊ, बाहेर खायचंच नाही. म्हणजे खर्च फक्त गॅसचा.

आयकेनचा_अण्णा
नेऊ नका म्हटलेलं तेच घेतलंत 😀 बागेत बाकं आहेत, आईंची सोय होईल. शनिवारी सकाळी जा आणि आधी गावच्या वाचनालयात विचारा, अशा गोष्टी सांगणारं माणूस त्यांना ठाऊक असतं. तारीख कळवा, जमलं तर मीही येतो.

डेव्ही_काउंटीची_सून
मग कूलीमी रविवारी करा की!

पीचट्री_पाटील
जादा दराचं: तक्रार हीच होती की काम वाढलं आणि मजुरी उलट घटली. बाबांना सांगा.

बॉस्टनचा_बंडू
सगळ्यांनी एवढं लिहिलं आणि शेवटी दगड बघणार? मग विचारायचं कशाला! लोवेलला मागाचा आवाज तरी ऐकला असता.

टेक्सासची_तेजू
इन्शुरन्सचं कुणी सांगेल का आता?

सोलापुरी_शेंगाचटणी
चादरीचं उत्तर राहिलं. एक डबल, मरून रंगात, मोराची नक्षी. पैसे लगेच पाठवते.