सरासरी संपर्क सारखेच, तरी एका जाळ्यात साथ विझते आणि दुसऱ्यात पसरते. असं का?

प्रश्न
संगणकावर १०,००० माणसांची दोन जाळी केली आहेत. दोन्हींत माणशी सरासरी ६ संपर्क. पहिल्यात दुवे (कोण कुणाच्या संपर्कात) निव्वळ यादृच्छिक. दुसऱ्यात ९,००० जणांना ४ आणि १,००० जणांना २४. बाधित माणूस ५ दिवस संसर्ग देतो, प्रत्येक संपर्काला रोज ०.०२५ शक्यता. सुरुवात एका बाधितापासून. पहिल्यात साथ दरवेळी विझते. दुसऱ्यात बहुतेकदा विझते, पण अधूनमधून दीड हजारांवर जाते. कोड चुकलाय का?

उत्तर १
कोड बरोबर आहे. ५ दिवसांत एका दुव्यावरून लागण होण्याची शक्यता १ − ०.९७५^५, म्हणजे ०.१२. आता ज्याला लागण झाली तो पुढे किती दुव्यांवर ती नेऊ शकतो ते बघा. इथे सरासरी कामाची नाही, कारण जास्त संपर्कवाल्याकडे संसर्ग आधी पोचतो. सूत्र: (संपर्कसंख्येच्या वर्गांची सरासरी − संपर्कसंख्येची सरासरी) ÷ संपर्कसंख्येची सरासरी. त्याला ०.१२ ने गुणलं की एक बाधित सरासरी किती जणांना लागण देतो ते मिळतं.

पहिलं जाळं: (४२ − ६) ÷ ६ = ६; गुणिले ०.१२ = ०.७२. १ पेक्षा कमी, म्हणून विझणारच.
दुसरं: (७२ − ६) ÷ ६ = ११; गुणिले ०.१२ = १.३२. १ पेक्षा जास्त, म्हणून पसरू शकते.

मात्र सगळ्या रनची (रन म्हणजे कोड एकदा चालवणं) सरासरी काढू नका. दुसऱ्यात सहापैकी पाच रन सुरुवातीलाच मरतात. सरासरी अडीचशेच्या घरात येईल आणि तेवढी साथ जवळपास कुठल्याच रनमध्ये दिसणार नाही. किमान १,००० रन घ्या, हिस्टोग्राम (किती मोठी साथ किती वेळा आली याचा स्तंभालेख) काढा. दोन वेगळे उंचवटे दिसतील.

उत्तर २
याच जाळ्यावर लसीकरण करून बघा, फार शिकायला मिळतं. सरसकट कुणालाही लस दिली तर २४ वाला सापडण्याची शक्यता १०%. त्याऐवजी कुणालाही निवडा, त्याचा एक संपर्क यादृच्छिक घ्या आणि लस त्या संपर्काला द्या: शक्यता ४०%, कारण दुव्यांच्या ६०,००० टोकांपैकी २४,००० २४ वाल्यांचीच आहेत. जाळ्याचा नकाशा हातात नसला तरी चालतं. कोहेन, हॅवलिन आणि बेन-अव्राहम यांनी २००३ साली मांडलेली ही युक्ती.

उत्तर ३
वरचं सूत्र त्रिकोण नसलेल्या जाळ्याचं आहे, हे विसरू नका. घर, वर्ग, कचेरी इथे माझे संपर्क एकमेकांचेही संपर्क असतात. बरेच दुवे आधीच बाधित झालेल्याकडे जाऊन वाया जातात. खरा डेटा वापरलात तर ताडून बघा: दोन दुवे निवडून त्यांची टोकं अदलाबदल करा, असं दुव्यांच्या दहापट वेळा. प्रत्येकाची संपर्कसंख्या तीच राहते, त्रिकोण मोडतात. मग साथ जेवढी बदलेल, त्यातला मोठा वाटा गटांचा. आणि त्याच दोन माणसांमध्ये दुहेरी दुवा तयार होत असेल तर ती अदलाबदल रद्द करा, नाहीतर २४ वाल्यांचे संपर्क नकळत घटतात.