मे महिन्यात दोन मुलं आणि सासूबाईंसह तीन आठवडे जपान: मुक्काम कसे ठरवावेत?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. पुढच्या मेमध्ये आम्ही पाच जण जपानला निघतोय. आम्ही दोघं, सासूबाई, लेक (अकरा वर्षं) आणि मुलगा (आठ वर्षं). टूर कंपनी नको, आपापलंच करायचंय. कच्चा आराखडा असा: टोकियो, हाकोने, ताकायामा, कानाझावा, क्योतो, ओसाका, हिरोशिमा, परत टोकियो. एवढं मुलांना झेपेल का? जेआर पास (ठरावीक दिवस जपानच्या रेल्वेत फिरायचा पर्यटकांचा पास) घ्यावा का? सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत, त्यांच्या जेवणाचं काय करावं? आणि हिरोशिमा. नवरा म्हणतो मुलं लहान आहेत, वगळू या. माझं मन काही ऐकत नाही.

सह्यकडा:
आधी तारखा पक्क्या करा. सीबीएसई शाळा असेल तर मेच्या सुरुवातीला वर्ग चालू असतात. स्टेट बोर्ड असेल तर अडचण नाही. 29 एप्रिल ते 5 मे तिथे गोल्डन वीक, सगळा देश सुट्टीवर. जून लागला की पाऊस. म्हणून 8 मेच्या आसपास निघा आणि महिना संपता परत या. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षं चालतात, आजच काढून तारीख बघा. व्हिसाची मात्र फार आधी घाई नको, एका प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिनेच चालतो.

आंबेमोहोर:
गोदाकाठताई, मी टोकियोजवळच्या कावासाकीत राहते. माझी मुलं इथल्याच शाळेत शिकली आणि मेमध्ये आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो, म्हणून अगदी जीव तोडून सांगते: यादीतली निम्मी गावं खोडा. गाव बदललं की अख्खा दिवस जातो. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, पुढची मिळते दुपारी तीनला. मधल्या वेळात आजी आणि पेंगुळलेली मुलं स्टेशनात बसून. टोकियोत एक घर करा, क्योतोत दुसरं, मधे हाकोनेला, त्या डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या गावी, एखादी रात्र. ओसाका क्योतोहून साध्या जलद गाडीने अर्ध्या तासावर, नारा पाऊण तासावर. दोन्हीकडे सकाळी जाऊन रात्री परत येता येतं.

आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस कोरा ठेवा. त्या दिवशी मुलांना जवळच्या बागेत न्या. तीनच्या सुमारास शाळा सुटते, चौकोनी दप्तरं पाठीवर घेतलेली पहिली-दुसरीची पोरं आपापली चालत घरी निघतात, रस्ता ओलांडताना हात उंच धरतात. माझा आठ वर्षांचा भाचा ते बघत कठड्यावर बसून राहिला होता, हलायला तयार नव्हता. मुलांना दुसरा देश असा कळतो, देवळांच्या रांगेतून नाही.

पासचं गणित साधं आहे. सात दिवसांचा पास 2023 च्या ऑक्टोबरपासून 50,000 येन झाला. टोकियो-क्योतो शिंकानसेनचं (बुलेट ट्रेनचं) सुटं तिकीट सुमारे 14,000. माझ्या मते तुम्हाला पास परवडणार नाही, सुटी तिकिटं काढा. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, म्हणजे तुमच्या दोघांनाही. फक्त प्रवासाआधी लेकीला बारावं लागत नाही ना, ते बघा. मोठ्या बॅगा गाडीत ओढत नेऊ नका. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर गेली तर टोकियो-क्योतो मार्गावर त्यासाठी वेगळी जागा राखून ठेवावी लागते. त्यापेक्षा हॉटेलच्या काउंटरवर ‘ताक्क्युबिन’ (सामान पोचवायची सेवा) सांगा, बॅगा दुसऱ्या दिवशी क्योतोच्या हॉटेलात पोचतात. एका रात्रीचे कपडे पाठपिशवीत.

हिरोशिमा वगळू नका, कळकळीने सांगते. क्योतोहून पावणेदोन तास. आधी शांती उद्यानातल्या मुलांच्या स्मारकापाशी जा. सादाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती, 1955 मध्ये बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. जवळपास तुमच्या लेकीच्याच वयाची. आजारपणात ती कागदी करकोचे घडत असे. भोवतीच्या काचेच्या कपाटांत जगभरातल्या मुलांनी पाठवलेले कागदी करकोचे माळून ठेवलेत. घरून निघण्याआधी दोघांना करकोचा घडी घालायला शिकवा आणि स्वतःच्या हातचे न्यायला सांगा. उद्यानातल्या अणुबॉम्बच्या संग्रहालयात मात्र धाकट्याला नेऊ नका. जळलेल्या मुलांचे कपडे, डबे, तीन वर्षांच्या पोराची तिचाकी सायकल, सगळं खरं आहे. लेकीबरोबर एकाने आत जावं, दुसऱ्याने मुलाला नदीकाठी थांबवावं. रात्री तिथेच राहा आणि दुसऱ्या दिवशी बोटीने जवळच्या मियाजिमा बेटावर जा.

तुळशीवृंदावन:
सासूबाईंच्या जेवणाबद्दल. ‘भाजीचं’ म्हणून जे मिळतं त्यातही दाशी असते, म्हणजे बहुतेक वेळा सुक्या माशाचा रस्सा. उदोन (जाड नूडल्स), मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यात. ‘मांस-मासे नको, दाशीही माशाची नको’ असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये ठेवा. क्योतोत देवळांचं शोजिन र्‍योरी जेवण मिळतं, त्यात मांस-मासे नसतात. तरी दाशीचं विचारून घ्या. रोजच्यासाठी दुकानात शिजवलेल्या भाताचे डबे मिळतात, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं. वर घरचं मेतकूट. माझ्या आईने त्यावर आनंदाने दिवस काढले.

गोदाकाठ:
ताकायामा, कानाझावा खोडलं. हिरोशिमा राहिलं, नवऱ्यालाही पटलं. मुलगा मात्र टोकियोतल्या घिबली (ॲनिमेशनपट काढणारा स्टुडिओ) संग्रहालयाचा हट्ट धरून बसलाय.

आंबेमोहोर:
पुरवा तो हट्ट, पण दारात तिकीट मिळत नाही. मेची तिकिटं 10 एप्रिलला जपानच्या सकाळी दहाला खुली होतात, म्हणजे तुमच्याकडे साडेसहाला. लागणारी माहिती आदल्या रात्रीच समोर लिहून ठेवा.