मदत हवी आहे: लेचवर्थ स्टेट पार्क (न्यूयॉर्क), आईच्या गुडघ्यांना झेपेल असा एक दिवस

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पुण्याहून आलेत. जुलैअखेर न्यू जर्सीतल्या एडिसनहून नायगाराला निघतोय, वाटेत लेचवर्थला अख्खा दिवस ठेवलाय. पार्क सतरा मैल लांब, जेनेसी नदीची खोल घळ, तीन मोठे धबधबे, वर जुन्या वास्तू. सुरुवात कुठून करू तेच कळेना.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर छान चालते, पायऱ्या आल्या की कठडा धरून एकेक पाऊल, आणि मग "मी बसते इथेच, तुम्ही या जाऊन." तिला दिवसभर बाकावर बसवून ठेवायचं नाहीये. बाबा रेल्वेतून निवृत्त. 1875 मध्ये घळीवरचा लाकडी रेल्वेपूल जळाला आणि तीन महिन्यांच्या आत लोखंडी उभा राहिला, हे वाचल्यापासून त्यांना धबधब्यांचं काही पडलेलं नाही. आता तिथे 2017 मधला कमानीचा पूल आहे म्हटल्यावर चेहराच पडला.

कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलंय का? काय बघू, काय सोडू?

प्रतिसाद १
पश्चिमेकडचा रस्ता धरा. गाडी लावली की चार पावलांवर कठडा, असे पॉइंट बरेच आहेत. इन्स्पिरेशन पॉइंटवरून दोन धबधबे आणि मागे पूल एकाच नजरेत येतात. बाबांना तिथेच थांबवा, नशीब असेल तर मालगाडीही दिसेल. मधला धबधबा 107 फुटी, ग्लेन आयरिसच्या अगदी समोर. हे विल्यम लेचवर्थ यांचं घर. त्यांनी 1906 मध्ये सगळी जमीन राज्याला देऊन टाकली. आता तिथे हॉटेल आहे. खालच्या धबधब्याला शंभरावर पायऱ्या आहेत, तो सरळ सोडा.

प्रतिसाद २
पार्कमधल्या म्युझियमच्या वरच्या अंगाला सेनेका या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांचं लाकडी सभागृह आहे, ते चुकवू नका. शेजारीच मेरी जेमिसनची समाधी. लहानपणी पळवून नेलेली गोरी मुलगी, पुढे परत जायची संधी असूनही सेनेकांमध्येच राहिली. माझ्या सासूबाई धबधबे विसरल्या, हिची गोष्ट अजून सांगतात.

धागाकर्ती
दोघांचे आभार! पायऱ्या रद्द. धपाटे आणि दही नेतोय, बसायला टेबलं असतात ना?

प्रतिसाद १
भरपूर. फक्त शनिवार-रविवारी लवकर पोचा, सावलीतली आधी जातात.