मदत हवी आहे : यष्टिरक्षक मुलाने मेलबर्न सोडून अ‍ॅडलेडला जावे का?

नमस्कार. ऑस्ट्रेलियातील क्रिकेट जवळून पाहिलेल्या, विशेषतः ज्यांची स्वतःची मुले तिथल्या क्लबांतून खेळतात किंवा खेळली आहेत अशा सभासदांचा सल्ला हवा आहे. मजकूर लांबला आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

आम्ही 13 वर्षांपूर्वी ठाण्याहून मेलबर्नला आलो. चिरंजीव आता 19 वर्षांचे आहेत आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहेत. नागरिकत्व झाले असल्यामुळे पात्रतेचा प्रश्न नाही. सोळा वर्षांखालील डाउलिंग शील्ड खेळल्यानंतर गेले दोन मोसम तो इथल्या प्रीमियर क्रिकेटमधील (राज्यातील सर्वांत वरची क्लब स्पर्धा) एका क्लबच्या दुसऱ्या संघाचा यष्टिरक्षक आहे. पहिल्या संघाचा यष्टिरक्षक 24 वर्षांचा आहे, पाचव्या क्रमांकावर खेळून नेमाने धावा करतो आणि त्याचा कुठेही जाण्याचा विचार नाही. फलंदाज असता तर मुलाला एखाद्या जागी बसवता आले असते. पण संघात हातमोज्यांचा जोड एकच असतो, आणि आमची सारी अडचण तिथेच आहे.

मार्चमध्ये मोसम संपल्यावर अ‍ॅडलेडच्या एका क्लबकडून विचारणा आली. पहिल्या संघात यष्टिरक्षणाची संधी, लहान मुलांना शिकवण्याचे आठवड्यातून काही तासांचे काम आणि संघातल्या आणखी दोघांबरोबर भाड्याच्या घरात एक खोली, असा एकूण प्रस्ताव आहे. पूर्वतयारी जुलैपासून सुरू होते, त्यामुळे निर्णय जूनअखेरपर्यंत कळवायचा आहे. मुलाला जायचे आहे. सौ.चा विरोध आहे, कारण पदवीचे पहिलेच वर्ष अर्धवट राहील. मी मधल्या मध्ये आहे.

माझी जडणघडण मुंबईची, कांगा लीग (पावसाळ्यातली क्लब स्पर्धा) आणि मैदानांवरची. तिथे मुलगा एका शहरात राहून क्लबावर क्लब बदलतो, पण मुंबईचा तो मुंबईचाच राहतो. इथे मात्र सहाच राज्ये शेफील्ड शील्ड खेळतात, म्हणजे देशभरात प्रथम श्रेणीच्या यष्टिरक्षकाच्या खुर्च्या सहा, आणि त्यांच्या वर राष्ट्रीय संघाची एक. ती एक खुर्ची किती काळ अडलेली असते हे पाहिले की धडकी भरते. 1988 मध्ये इयन हिली आला, तेव्हा त्याच्या नावावर जेमतेम सहा प्रथम श्रेणी सामने होते. तो 119 कसोटी खेळला. त्याच्यानंतर नोव्हेंबर 1999 मध्ये आलेला अ‍ॅडम गिलख्रिस्ट पदार्पणापासून सलग 96 कसोटी खेळून जानेवारी 2008 मध्ये थांबला. त्या सुमारे वीस वर्षांत ज्यांची उमेद गेली, त्यांची नावे आज कोणाच्या लक्षात आहेत? हिलीचा अंगठा मोडला म्हणून 1994 मध्ये लाहोरला एक कसोटी मिळालेला फिल एमरी तेवढा आठवतो, आणि तोही माझ्यासारख्या रिकामटेकड्या आकडेबहाद्दरांनाच.

राज्य बदलण्याची उदाहरणे मी बरीच चाळली आहेत. हाच एमरी न्यू साउथ वेल्सचा यष्टिरक्षक असल्यामुळे गिलख्रिस्ट 1994 मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला गेला, आणि तिथून पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मॅथ्यू वेडचे प्रकरण मात्र वाचताना हसावे की रडावे ते कळत नाही. होबार्टला वाढलेल्या वेडने तस्मानियात टिम पेन आहे म्हणून व्हिक्टोरियाची वाट धरली, तिथून तो कसोटी यष्टिरक्षक झाला आणि 2017 मध्ये घरी, तस्मानियाला परतला. बोटाच्या दुखापतीने हैराण झालेला पेन त्या सुमारास खेळ सोडून क्रिकेट साहित्याच्या एका कंपनीत नोकरी पत्करण्याच्या विचारात होता. तस्मानियासाठी यष्टिरक्षण वेड करत असतानाच नोव्हेंबरमध्ये अ‍ॅशेससाठी निवड समितीने बोलावले ते पेनला! स्वतःच्या राज्यात ज्याच्याकडे हातमोजे नव्हते तो सात वर्षांनी देशासाठी यष्टींमागे उभा राहिला, आणि चार महिन्यांत कर्णधारही झाला. अशा निवडीचा अंदाज बांधून घर कसे हलवायचे?

आता मुलाविषयी एक गोष्ट सांगतो, म्हणजे प्रश्न स्पष्ट होईल. फेब्रुवारीतल्या एका सामन्यात मी सीमारेषेजवळ घडीच्या खुर्चीवर बसलो होतो. डावखुऱ्या फिरकीपटूच्या दोन चेंडूंवर त्याने लेग साइडला असे यष्टिचीत केले की स्क्वेअर लेगच्या पंचांचे बोट वर जाण्याआधीच स्लिपमधला मुलगा टाळ्या वाजवू लागला. त्याच सामन्यात आठव्या क्रमांकावर त्याने 12 धावा केल्या. मोसमाअखेर क्लबच्या प्रशिक्षकाने दिलेल्या कागदावर यष्टिरक्षणासमोर ‘उत्तम’ लिहिले होते आणि फलंदाजीसमोर नुसते प्रश्नचिन्ह होते. उजव्या हाताची करंगळी दोनदा मोडल्यामुळे परीक्षेत तो पेन तीन बोटांत धरतो. त्याच्या आईला मैदानातले काहीही दिसले नसले, तरी हे रोज दिसते.

माझे प्रश्न असे आहेत. एकोणिसाव्या वर्षी राज्य बदलणे शहाणपणाचे आहे, की इथेच थांबून फलंदाजी सुधारावी? राज्याचे निवडकर्ते बाहेरून आलेल्या मुलाकडे खरोखर समान नजरेने पाहतात का? आणि पदवीचे काय करावे?

प्रतिसाद 1

गिलख्रिस्टचे उदाहरण आपण दिलेत, पण त्यातला महत्त्वाचा भाग सुटला आहे. पर्थला, म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला, गेला तेव्हा तो 22 वर्षांचा होता आणि न्यू साउथ वेल्सकडून निव्वळ फलंदाज म्हणून शील्ड खेळून चुकला होता. म्हणजे राज्य बदलण्याआधी त्याने स्वतःला निवडण्याजोगे दुसरे कारण तयार ठेवले होते. जॉश इंग्लिसचेही तेच. लीड्सला जन्मलेला आणि पर्थला घडलेला हा यष्टिरक्षक जानेवारी 2025 मध्ये गॉलला पहिली कसोटी खेळला तो फलंदाज म्हणून, कारण हातमोजे अ‍ॅलेक्स कॅरीकडे होते, आणि त्याने 102 धावा केल्या. खुद्द वेडनेही 2019 च्या अ‍ॅशेसमध्ये पेन यष्टींमागे असताना फलंदाज म्हणून दोन शतके ठोकली. स्पष्ट लिहितो, राग मानू नये : आठव्या क्रमांकावर खेळणाऱ्या यष्टिरक्षकाला आज अ‍ॅडलेडमध्येही आठवाच क्रमांक मिळेल. जाण्याआधी त्या क्लबला एकच विचारा, की त्याला कितव्या क्रमांकावर खेळवणार. उत्तर ‘पाहू’ असे आले, तर मेलबर्न काय वाईट आहे?

प्रतिसाद 2

मी अ‍ॅडलेडला राहते आणि माझा भाचा इथे क्लब क्रिकेट खेळतो. बाहेरून आलेल्यांना इथे परके मानत नाहीत, हे अनुभवाने सांगते. फिरकीपटू नेथन लायन इथे आला तो अ‍ॅडलेड ओव्हलच्या मैदान कर्मचाऱ्यांत कामाला. ऑगस्ट 2011 मध्ये तो गॉलला कसोटीत उतरला आणि पहिल्याच चेंडूवर त्याने संगकाराला बाद केले. उलट दिशेचे उदाहरणही आहे. फलंदाज जेक वेदरल्ड साउथ ऑस्ट्रेलिया, म्हणजे अ‍ॅडलेडचे राज्य, सोडून तस्मानियाला गेला, 2024-25 च्या शील्डमध्ये 906 धावांसह सर्वांत पुढे राहिला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये पर्थला 31 व्या वर्षी त्याला कसोटी टोपी मिळाली. निवड समिती राज्य पाहत नाही, धावांचा ढीग पाहते, आणि तो ढीग रचायला रोज खेळायला मिळावे लागते.

आणखी एक बारकावा. कॅरी साउथ ऑस्ट्रेलियाचा आहे. तो देशाकडून खेळत असतो तेव्हा राज्याला दुसरा यष्टिरक्षक लागतो. त्यामुळे ज्या राज्याकडे राष्ट्रीय यष्टिरक्षक आहे तिथे खालच्या मुलांना अडसर वाटतो तितका नसतो. मात्र त्या जागेसाठीही आधीपासून रांग आहे, ती पहिल्याच वर्षी आपल्या मुलापर्यंत सरकेल असे समजू नये.

कॅरीचा स्वतःचा रस्ताही वाकडातिकडाच होता. तो आधी ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलकडे, ग्रेटर वेस्टर्न सिडनीच्या नव्या संघात गेला. तिथून वगळल्यावर क्रिकेटकडे परतला, राज्याकडून सलामीला खेळला, संघाबाहेर गेला, आणि मग यष्टिरक्षक म्हणून परत येऊन 2016-17 च्या एका शील्ड मोसमात 59 बळी टिपले. कसोटी मिळाली डिसेंबर 2021 मध्ये, वयाच्या 30 व्या वर्षी. एकोणिसाव्या वर्षी त्याला सल्ला विचारला असता, तर तो फुटबॉलविषयी बोलला असता.

प्रतिसाद 3

मी एका विद्यापीठात विद्यार्थी मार्गदर्शनाचे काम करते, म्हणून क्रिकेटपेक्षा कागदांविषयी लिहिते. प्रवेश रद्द करू नका, अभ्यासक्रमातून रजा मागा. रजा किती सत्रांची मिळते आणि परतल्यावर जागा नक्की राहते का, हे लेखी घ्या, फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका. पहिल्या सत्राची परीक्षा जूनमध्ये संपते, त्यामुळे ते सत्र पूर्ण करूनच जाता येईल. आपण ‘वर्ष अर्धवट’ म्हणता, पण एक पूर्ण सत्र खात्यावर जमा राहील. अ‍ॅडलेडच्या विद्यापीठात बदली मागायची झाली, तर कोणते विषय ग्राह्य धरतात हेही आधी विचारा. फिजिओथेरपीत जागा मोजक्या असतात.

क्लबकडूनही लेखी हवे : शिकवण्याच्या कामाचे तास, त्याचा मोबदला, घरभाडे कोणाच्या नावावर आहे, आणि ती करंगळी तिसऱ्यांदा मोडली तर उपचार व त्या काळातली मिळकत कोणाच्या डोक्यावर. क्लब आणि राज्य यांत गल्लत करू नका. राज्याने नवोदितांच्या करारावर घेतले तर गोष्ट वेगळी. क्लबचे निमंत्रण हा करार नव्हे. आणि वरची शिडी किती उंच आहे हेही मुलाला कळू द्या. राष्ट्रीय करार नसलेल्या खेळाडूला वर्षभरात 12 गुण जमवले की तो मिळतो : कसोटीचे 5, एकदिवसीयचे 2, टी-ट्वेंटीचा 1. म्हणजे दोन कसोटी आणि एक एकदिवसीय सामना. त्याच्या आधीची सगळी वर्षे स्वतःच्या हिमतीवर काढायची असतात.

वहिनींना लिसा स्थळेकरविषयी जरूर सांगा. पुण्यात जन्मलेली आणि सिडनीत वाढलेली ही खेळाडू एकदिवसीय सामन्यांत 1000 धावा आणि 100 बळी पूर्ण करणारी पहिली महिला ठरली. फेब्रुवारी 2013 मध्ये मुंबईत विश्वचषक जिंकल्यावर लगेच तिने निवृत्ती जाहीर केली. केव्हा थांबायचे हेही खेळाडूलाच ठरवावे लागते, आणि पदवी असली की तो निर्णय जरा सोपा जातो.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री हा धागा मुलाला वाचून दाखवला. पहिला प्रतिसाद ऐकून तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग त्याने स्वतःच अ‍ॅडलेडला संदेश पाठवून फलंदाजीचा क्रमांक विचारला. आज उत्तर आले : सुरुवातीला सातवा, नाताळपर्यंत धावा झाल्या तर सहावा. मला ते प्रामाणिक वाटले.

सौ. रजेच्या अर्जाला तयार झाली आहे, पण पहिले सत्र पूर्ण करण्याच्या अटीवर, आणि ते लेखी हातात आल्यावरच क्लबला होकार कळवायचा असे ठरले आहे. प्रतिसाद 2 मधील ताईंना एक विनंती : होकार द्यायचा झाला तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः त्याच्याबरोबर येऊन ते घर पाहणार आहे. आपल्या भाच्याशी त्या दिवसांत अर्धा तास बोलता येईल का? आणि अ‍ॅडलेडमध्ये हाताच्या बोटांचे उपचार करणारे चांगले डॉक्टर आपल्याला माहीत असल्यास कृपया व्यक्तिगत संदेशातून नाव कळवावे.